पारी एकीची, सारन एकीचं

पिपरी मेघे, वर्धा
६ डिसेंबर

सपना,

"पारी एकीची, सारन एकीचं, अन् मीठ माह्यं."

सासूबाई हे बोलल्या तेव्हा तुझ्या हातावरची मेंदी अजून उतरली नव्हती. रोहण्याच्या जुन्या घरात आपण दोघी पाटाच्या दोन बाजूंना बसलो होतो, मधे परात. त्या चुलीपुढून वळून म्हणाल्या, "मोठी पारी लाटन, लहानी सारन भरन. दोघीईले दोनी कामं आले का घरात चुली दोन होतेत." तू मान खाली घालून हसलीस. मला वाटलं, नवी आहे, लाजली असेल. नंतर कळलं, त्यांच्या नाकाच्या शेंड्याला लागलेलं बेसन तुला दिसलं होतं.

इतक्या वर्षांनी माझं अक्षर बघून तू हे पाकीट उघडशील की तसंच परत करशील, मला माहीत नाही. तुझा पत्ता माझ्याकडे नाही. तुझ्या भावाला, गोपालभाऊंना, फोन नंबर मागितला तर म्हणाले, "ताई, तिनं नाई म्हनलं हाय. चिठ्ठी देसान त पोचवतो. मी वाचनार नाई." म्हणून हे तळेगावला त्यांच्याकडे पाठवते आहे. तिथून चंद्रपूरला तुझ्या हातात कधी पडेल ते त्यांनाच ठाऊक.

काम छोटं आहे. सासूबाई पावसाळ्यात न्हाणीत पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून पलंगावर आहेत. डोकं शाबूत आहे, जीभ त्याहून शाबूत. त्यांना सांबारवडी खायची इच्छा झाली आहे. मुकेशने आईसाठी दुकानातून आणून दिली, नुसती कोथिंबीर ठासलेली. एक घास घेऊन त्यांनी ताटली बाजूला सरकवली. म्हणाल्या, "यात सांबार हाय. बाकी काई नाई."

तू गेल्यापासून या घरात सांबारवडी झालीच नाही. कोणी बंदी घातली नव्हती, झाली नाही एवढंच. बाकी सगळं मी करते. आलूच्या, मटारच्या करंज्या करते, शेंगा आल्या की तुरीच्या दाण्यांची कचोरी होते. ती सारणं माझी मी शिकले, चुकत चुकत. सांबारवडीला मात्र हात लावला नव्हता. परवा लावला.

पीठ चांगलं मळलं गेलं होतं. बेसन, कणीक, मोहन, सगळं बेताचं. मी पाऱ्या लाटायला बसले आणि लाटलेली प्रत्येक पारी पाटाच्या पलीकडे सरकवत गेले. वर बघितलंच नाही. लाटायची, सरकवायची, पुढचा गोळा घ्यायचा. बऱ्याच वेळाने बघितलं तर पहिल्या पाऱ्या वाळून कडा वर करून बसल्या होत्या, पापडासारख्या. पलीकडे कोणी नव्हतं. ही गंमत म्हणून सांगते आहे, त्यात दुसरं काही शोधू नकोस.

तू सारण कालवायचीस तेव्हा मी पारीकडे बघत असायचे. नजर हटली की पारी जाड-पातळ होते. त्यामुळे तुझे हात मला आठवतात, हातातलं काही आठवत नाही. सांबार, सुकं खोबरं, खसखस, तीळ, लसूण, एवढं कळतं. त्याच्यापुढे काय टाकायचीस, आणि सांबार धुऊन किती सुकवायचीस? चिंच-गुळाचं पाणी पारीला आतून लावायचं काम तुझं की माझं, यावरून आपण दर वेळी भांडायचो. ते मी माझं धरते.

तेवढं कळव. सासूबाईंच्या तोंडाला चव येईल.

बाकी घरी ठीक. आकांक्षा बरी आहे.

भावना


पिपरी मेघे
२३ डिसेंबर

सपना,

उत्तर आलं नाही. मागचं पत्र मी मनातल्या मनात पुन्हा पुन्हा वाचते आहे. शेवटची ओळ फार वाईट होती. जिने जन्म दिला तिला कोणी असं लिहितं का, "आकांक्षा बरी आहे"?

तर नीट लिहिते. आकांक्षाचं लग्न ठरलं आहे. मुलगा मूळचा हिंगणघाटचा, नागपूरला एका कंपनीत आहे. शांत आहे. चहा दिला की कप आपण होऊन मोरीत नेऊन ठेवतो. सासूबाईंना तेच आवडलं नाही, मला तेच आवडलं. लग्न फेब्रुवारीच्या शेवटी. गोपालभाऊंकडून तुझ्या कानावर आलं असेल. नसेल आलं तर ते माझ्याकडून यावं असं मला वाटत होतं, आणि मागच्या पत्रात तेच मी लपवलं.

सासूबाईंना सांबारवडी हवी आहे हे खोटं नव्हतं. पण मला ती शिदोरीसाठी हवी आहे.

आपल्याकडे मुलीच्या पाठवणीला आई तिखटाची टोपली देते. दोन-तीन तऱ्हेच्या करंज्या, कचोऱ्या, आणि सगळ्यांत वर सांबारवडी, लाल फडक्यात बांधून. लोकांना वाटतं ती सासरच्यांसाठी असते. सासरचे दुसऱ्या दिवशी खातात. पहिल्या संध्याकाळी ती मुलीसाठी असते, कारण तिला भूक लागलेली असते आणि मागायची लाज वाटत असते. हे मला तुझ्यामुळे कळलं. तू आलीस त्या संध्याकाळी मी ज्वारी काढायला कोठीच्या खोलीत गेले, तर कोठीच्या मागे तू शालू सावरत उभी, मांडीशी टोपली, दोन्ही गाल फुगलेले. मला बघून तुला गिळता येईना आणि बोलताही येईना. तू नुसती टोपली पुढे केलीस. मी एक घेतली. आपण दोघी तिथंच उभ्याने खात होतो आणि बाहेर सासूबाई ओरडत होत्या, "लहानी कुठं गेली वो? अन् आता मोठी बी हरवली!"

भूपेंद्रभाऊजी आर्वीच्या रस्त्यावर गाडीवरून पडून गेले तेव्हा आकांक्षा शाळेतही जात नव्हती. त्यानंतरही तू राहिलीस, सारण भरत राहिलीस. मग गोपालभाऊंनी तुझं दुसरं लग्न ठरवलं आणि सासूबाई म्हणाल्या, "बाई जाईन, पोट्टी नाई." तू गेलीस, पोरगी राहिली. मला मूल नव्हतं, ती माझ्या कुशीत झोपायला लागली. त्या दिवसाबद्दल मी याहून जास्त लिहिणार नाही. तू तिथं होतीस, मीही होते.

शिदोरी आईने भरायची असते. पत्रिका छापून आली आहे. 'कै. भूपेंद्र यांची सुकन्या', आणि खाली निमंत्रक म्हणून मुकेशचं आणि माझं नाव. तुझं नाव कुठेच नाही. तू विचारायच्या आधी मीच सांगितलं.

काल नलूआत्या रोहण्याहून आल्या होत्या. त्यांच्यासमोर मी पुन्हा सांबारवडी केली, इकडून तिकडून विचारलेल्या सारणाची. त्यांनी एक मोडली, आत बघितलं आणि माझ्याकडे बघितलं.

"हे काय केलं वो भावना? पारी पाह्यली त नवरीचा शालू, अन् आत भरलं बांधावरचं गवत!"

"मग तुम्ही सांगा ना आत्या, काय टाकू?"

"मले काय मालूम? तुह्या सासूनं मले कवा चुलीपाशी फिरकू देलं काय? ननंद मंजे घर लुटाले आलेली बाई."

आतून सासूबाई म्हणाल्या, "आयकू येऊन राह्यलं मले, नलू."

"आयकाच म्हनून बोलून राह्यली मी."

आकांक्षा हसत होती. ती खाली बसून भिंतीला टेकली होती, मोबाईलवर हॉलच्या सजावटीचे फोटो बघत. म्हणाली, "मोठी आई, काऊन एवढी मेहनत करून राह्यली तू? आलूच्या कर ना. आलूच्या कोनालेबी आवडतेत."

तिला आठवत नसावं, असं मला वाटलं. सांबारवडीची चव आठवायला फार लहान होती.

रात्री अंथरुणावर पडल्यावर एक गोष्ट मनात आली. घर फुटू नये म्हणून सासूबाईंनी आपल्याला अर्धं अर्धं शिकवलं. घर फुटायचं ते फुटलंच. आता दोन घरांत मिळून एकीलाही पूर्ण येत नाही.

सारण कळव. माझ्यासाठी नको कळवूस.

भावना


पिपरी मेघे
९ जानेवारी

सपना,

डबा मिळाला.

गोपालभाऊ खताच्या कामाने वर्ध्याला आले होते. बाहेरच्या ओट्यावरच उभे राहिले, आत येईनात. फडक्यात बांधलेला डबा हातात दिला. मी विचारलं, "चिठ्ठी?"

"डबाच हाय ताई."

"काही म्हणाली का?"

"म्हने, सांबार ताजा घेजो म्हना. आदल्या दिवशी धुऊन पंख्याखाली टाकजो."

म्हणजे बोललीस. एक वाक्य का होईना.

मी दार लावून घेतलं आणि झाकण उघडलं.  रोहण्याची दुपार त्या डब्यात होती, तुझ्या पदराचा वासही त्यात होता असं मला वाटलं, तो माझा भ्रम असेल. मग चमच्याने थोडं तळहातावर घेऊन एक एक जिन्नस वेगळा केला. खोबरं, खसखस, तीळ, चारोळी. आणि भाजून भरडलेला जवस. इतकी वर्षं तू माझ्यासमोर बसून जवस टाकत होतीस आणि मला तो कधी दिसला नाही.

रविवारी केल्या. सांबार मुकेशने शनिवारी पहाटेच बाजारातून आणला, दोन वेळा परत पाठवून तिसऱ्यांदा मनासारखा मिळाला. तू डब्यासोबत सांगितलंस तसा वाळवला. कालवताना मी चाखून बघितलं, आणि लक्षात आलं, यात मीठ नाही. तू विसरली नव्हतीस. मीठ तू कधी घातलंच नव्हतंस, मीही नव्हतं. आपल्याला दोघींना अंदाजच नाही.

मी परात उचलून सासूबाईंच्या खोलीत नेली. पलंगाजवळ स्टुलावर ठेवली. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. वास गेला असेल. कष्टाने वळल्या, हात पुढे करून चिमूटभर घेतलं, जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले.

"हे सपनाचं सारन हाय," म्हणाल्या.

मी परात पुढे सरकवली.

"आली काय थे?"

"नाही. गोपालभाऊंनी डबा आणून दिला."

 मला वाटलं आता परात भिरकावतील. त्यांनी एकदा दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पाहून काय राह्यली? मिठाचा डबा आन."

मी आणला. त्यांचा हात हल्ली कापतो, भाताचा घास तोंडात जाईपर्यंत अर्धा सांडतो. त्या हाताने त्यांनी मीठ घेतलं, परातीवर गोल फिरवलं. थोडं सांडलं, थोडं पडलं. मी मनात म्हटलं, झालं, खारट होणार. कालवून चाखलं. सपना, बरोबर होतं.

मग मी पाऱ्या लाटल्या, मीच चिंचेचं पाणी लावलं, मीच भरल्या. कधी या बाजूला बसून लाटायची, कधी त्या बाजूला जाऊन भरायची. गुडघे दुखले. घड्या तुझ्यासारख्या जमल्या नाहीत, दोन-चार तेलात उकलल्या. पण वास सगळ्या गल्लीत गेला. शेजारच्या प्रेरणाताई भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "लग्न आताच लागलं का काय हो?"

आकांक्षा संध्याकाळी शिकवणीच्या क्लासवरून आली. ती तिथं गणित शिकवते, तुला सांगायचं राहिलं होतं. खांद्यावरची पर्ससुद्धा काढली नाही. ताटलीतली एक उचलून उभ्याउभ्याच खाल्ली, आणि हळूहळू चावायला लागली.

मग तिने दुसरी घेतली.

तुझ्या सारणाची तिने दुसरी घेतली. हे तुला लवकर कळावं म्हणून आज घाईने लिहिते आहे.

भावना


पिपरी मेघे
२५ जानेवारी

सपना,

सकाळी गोपालभाऊंचा फोन आला. आवाज इतका मोकळा की मी आधी ओळखलाच नाही. "ताई, सपना येऊन राह्यली लग्नाले! तुमची चिठ्ठी वाचली अन् म्हने, मी जातो. पोरीसाठी आंब्याच्या रंगाची साडी घेतली तिनं. फोनवर रडून राह्यली होती, हासून बी राह्यली होती. म्हने, पोरीनं दुसरी मागून घेतली."

मी "हो का" म्हटलं. त्यांनी विचारलं, "ताई, तुमाले आनंद नाई झाला काय?" मी म्हटलं, दूध उतू चाललंय, आणि फोन ठेवला. गॅसवर काहीच नव्हतं.

साडी दुकानदार परत घेतो का, ते विचारून ठेव. किमतीची चिठ्ठी काढू नकोस, घडी मोडू नकोस.

बाकीचं मी दोन-तीन दिवसांत लिहिते. आज हात चालत नाही.

भावना


पिपरी मेघे
२ फेब्रुवारी

सपना,

दोन-तीन दिवस म्हणून आठवडा घेतला.

त्या रविवारचं मी तुला अर्धंच लिहिलं होतं. खोटं एक अक्षर नव्हतं. फक्त जिथं थांबायला मला बरं वाटलं तिथं मी थांबले. तू त्यावरून साडी घेशील असं मनात आलं नव्हतं. की आलं होतं आणि म्हणूनच थांबले, ते मला सांगता येत नाही.

आता उरलेलं.

दुसरी खाऊन झाल्यावर आकांक्षाने बोटं पुसली आणि म्हणाली, "मोठी आई, हे तू नाई केलं."

"पारी माझी आहे," मी म्हटलं.

"अन् सारन?"

मी पोळपाट धुवायला घेतला. ती तिथंच खाली बसली, पर्स अजून खांद्यावर.

"पाचवीत होती मी. शाळेच्या फाटकापाशी डबा घेऊन आलती थे. मधली सुट्टी होती. साऱ्या पोरी पाहून राह्यल्या होत्या, कोन बाई हाय, काऊन रडून राह्यली. मी म्हनलं, मले भूक नाई. अन् पळून आली."

मला हे माहीत नव्हतं, सपना. त्या पोरीने घरी कधी सांगितलं नाही आणि तू कधी लिहिलं नाहीस.

"भूक होती पन," ती म्हणाली. "त्या दिवशी डबाच नेला नव्हता मी. वास असाच होता."

मग ती उठली, तोंड धुतलं, आणि टॉवेलने पुसता पुसता अगदी शांतपणे म्हणाली, "शिदोरीत हे टाकू नको. अन् तिले बलावलं असन त सांगून दे, येजो नको मनून. थे आली त मी बोहल्यावर चढनार नाई."

रागात म्हणाली असती तर मी ते वाऱ्यावर सोडलं असतं. ती वर्गात गणित सांगते तशी म्हणाली.

गोपालभाऊंचा फोन आल्यावर मी पुन्हा विषय काढला. मुकेशनेही काढला. तो कधी कोणाला समजावत नाही, पण बोलला, "बेटा, आई हाय तुही. एक दिवसाचा प्रश्न हाय." ती उठून आत गेली. नंतर माझ्याकडे येऊन म्हणाली, "मोठी आई, तू माह्या लग्नात तिच्यासाठी रडनार काय?" मी म्हटलं, दोघींसाठी रडेन. ती म्हणाली, "पत्रिकेत तुह्यं नाव हाय. मले तेवढी आई पुरे."

ते ऐकून मला आनंद झाला. हे तुला लिहायला नको होतं. पण एकदा अर्धं लिहून काय झालं ते आपण बघितलं.

सासूबाईंनी सगळं पलंगावरून ऐकलं होतं. मला वाटलं, त्या म्हणतील, बरं झालं.  पण संध्याकाळी मला बोलावून म्हणाल्या, "माह्यं आयकते काय थे आता? कोनाचं आयकते? माह्यावरच गेली." आणि पुन्हा भिंतीकडे वळल्या. त्यांनीच ठेवून घेतलेली पोरगी आहे. त्यांच्याच शब्दात बोलते.

म्हणून तू येऊ नकोस, असं मला लिहावं लागतं आहे. मीच हाक मारली आणि मीच दार लावते आहे. तू आलीस तर ती बोलल्याप्रमाणे करेल. मी तिला वाढवलं आहे, मला तिचं 'नाई' कळतं. दहावीत एकदा सहलीला जाऊ दिलं नाही तर दोन दिवस जेवली नव्हती, आणि तिसऱ्या दिवशी जेवली तेही सहलीचं नाव न काढता. आजवर काढलं नाही.

आता जे लिहिणार आहे ते चार दिवस मनात घोळवते आहे. मुकेशला सांगितलं तर म्हणाला, "डोकं ठिकान्यावर हाय काय तुह्यं? कोन्ती बाई हो म्हनन?" बरोबर आहे त्याचं.

लग्न शनिवारी आहे. त्याच्या आदल्या गुरुवारी मी तळेगावला गोपालभाऊंच्या घरी येते. एकटी. पीठ मळून आणते, पाट-लाटणं माझं आणते, रोहण्याचंच. तू चंद्रपूरहून सारण घेऊन ये. दुपारभर बसू. मी लाटेन, तू भर. चिंचेचं पाणी कोणी लावायचं ते तिथं ठरवू, भांडू हवं तर. मीठ सासूबाईंनी दिलं आहे. मी मागितलं नव्हतं. परवा उशीखालून कागदाची पुडी काढून माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, "अंदाजानं बांधलं. तिले म्हनजो, कमी पडलं त पडलं." मी कुठे जाणार आहे हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

मग ती टोपली मी घेऊन येईन, आणि तू परत जाशील.

टोपली माझ्या नावाने जाईल. बायका फडकं उचलून बघतील आणि माझ्या हाताचं कौतुक करतील. मी मान हलवेन. आकांक्षा विचारणार नाही, मी सांगणार नाही. वर आलूच्या करंज्या आणि तुरीच्या कचोऱ्या असतील. सांबारवडी नेहमी वर असते, मी ती तळाशी ठेवेन.

तिने टाकू नको म्हटलं आहे. पण ते इथं म्हटलं आहे, आमच्यामध्ये बसून, पोट भरलेलं असताना. नागपूरला त्यांचा चौथ्या मजल्यावर फ्लॅट आहे. तिथं कोठीची खोली नाही, लपायचं कुठे ते तिला शोधावं लागेल. पाहुणे जेवून उठतील, कोणी तरी म्हणेल नवरीचं झालं का, आणि दुसरं कोणी म्हणेल झालं असेल. ती काही बोलणार नाही. बेडरूमचं दार लोटून टोपली उघडेल. आलूची खाईल, तुरीची खाईल, आणि भूक उरली तर हात तळाशी जाईल. तिथं तिला बघणाऱ्या पोरी नसतील. टाकून दिली तर टाकून दिली. मला कळणार नाही, तुलाही नाही. त्या संध्याकाळचं आपल्याला कधीच काही कळणार नाही.

यात तुझ्या वाट्याला काही नाही, हे मला दिसतं आहे. लग्न नाही, पोरीचं तोंड नाही, नाव नाही. आंब्याच्या रंगाची साडीसुद्धा मला नेता येणार नाही. ती कुठून आली हे तिला लगेच कळेल. एक दुपार आहे, आणि समोर मी, जिच्याकडे तुझी पोरगी राहिली. तुझ्या जागी मी असते तर पाट उलटा करून उठले असते. गोपालभाऊ हे पत्र देतील तेव्हा त्यांच्या हातून डबाही परत मागवशील कदाचित. मी तो धुऊन ठेवला आहे.

तू नाही म्हणशील. हे लिहायला बसले तेव्हाच मला माहीत होतं, आणि इतकं लिहूनही माझं मत बदललेलं नाही. तरी मी गुरुवारी पीठ मळीन, पाऱ्या लाटून ओल्या फडक्याखाली ठेवीन, वाळू देणार नाही.

लग्नाला येऊ नकोस, सपना. तळेगावला ये. पाटाच्या पलीकडे बस, आणि भर.

भावना